वही तिची आहे, आधी तिला विचारा

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे. बारावीनंतर मराठी घेऊन बी. ए. करायचं आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांसाठी पुस्तकं लिहायची, असं तिने घरात जाहीर केलंय. आई विचारतात, यावर पोट भरतं का, की हे वयाचं खूळ आहे? सोबत मुलीच्या वहीतल्या चार पानांचे फोटो आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

पैशांचं आधी सांगतो. नुसत्या पुस्तकांवर मराठीत घर चालत नाही. 200 रुपयांचं पुस्तक, 10 टक्के रॉयल्टी आणि हजार प्रतींची आवृत्ती धरा. सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाच्या हाती 20,000 रुपये येतात, आणि त्या खपायला वर्षं जाऊ शकतात. तिलाही हे असंच आकड्यांत सांगा. ‘लिहून कुणाचं भलं झालंय’ असं मात्र म्हणू नका.

आता ती चार पानं. मी ती दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर ती लिहिते, ‘मैत्री हा जीवनाचा अनमोल ठेवा आहे हे मला उमगले.’ हे शाळेतल्या निबंधाचं मराठी झालं, सोळा वर्षांची कुठलीच मुलगी असं बोलत नाही. पण त्याआधीच्या पानावर मैत्रिणीशी अबोला धरल्याचा प्रसंग आहे: ‘ब्लू टिक आली. रिप्लाय नाही. मी डबा तसाच बॅगेत ठेवला. संध्याकाळी केमिस्ट्रीच्या वहीला शेंगाचटणीचं तेल लागलेलं.’ इथे ‘मला वाईट वाटलं’ असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरी वाचताना पोटात कालवतं. खूळ असतं तर ते तेल तिला दिसलं नसतं.

या वयावर मराठीत उत्तम लेखन झालंय. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली, प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन त्याच्या आधीपासून आपल्या घरात आहे. पण ही पुस्तकं मोठ्यांनी आठवून लिहिलेली, आणि मुख्यतः मोठ्यांसाठी. लहान मुलांसाठी बालभारतीचं ‘किशोर’ 1971पासून निघतंय, फास्टर फेणे आहेच. त्यापुढे, दहावीच्या आसपास, आपली मुलं मराठी वाचन सोडतात किंवा इंग्रजीकडे वळतात. त्या वयाचा मोबाइल, ट्यूशन, नीटची धास्ती, घरातली भांडणं हे सगळं त्यांच्याच बोलीत सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत, आणि मला याची मनापासून खंत वाटते. तुमची मुलगी आत्ता त्या वयातच उभी आहे. पुढची दोन वर्षं तिने रोज अर्धं पान खरं खरं लिहून ठेवलं, तर तिशीत तो ऐवज तिला कुठल्याही पदवीपेक्षा जास्त कामाला येईल.

शिक्षणाबद्दल. बारावी सायन्स तिने पूर्ण करावं, मधेच सोडू नये. नंतर बी. ए. करायला माझी हरकत नाही, पण नुसत्या मराठीऐवजी मराठी आणि मानसशास्त्र अशी जोडी जमली तर पाहा. इंग्रजी आणि हिंदी पक्की हवी, कारण पुस्तकांच्या जगात नियमित पैसा अनुवाद, संपादन आणि मुद्रितशोधन यांत आहे. स्टोरीटेलसारख्या ऑडिओच्या ठिकाणीही मराठी लेखन लागतं. पत्रकारितेकडे ओढा वाटला तर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. नोकरी यातली एखादी, आणि पुस्तक नोकरीच्या जोडीने, असा बेत धरा. नॅशनल बुक ट्रस्टमार्फत 2021पासून पीएम-युवा योजना राबवली गेली आहे. तीत तिशीच्या आतल्या निवडक लेखकांना सहा महिने दरमहा 50,000 रुपये मिळाले. विषय ठरवून दिलेले असतात, त्यामुळे तिच्या मनातली कादंबरी तिथे बसेलच असं नाही, पण जाहिरातीवर लक्ष ठेवा.

एक सावधगिरी. ‘तुम्ही पैसे भरा, आम्ही पुस्तक छापतो’ म्हणणाऱ्यांकडे एवढ्यात जाऊ नका. प्रकाशक भेटलाच तर करारपत्र लेखी हवं. ती अठराची होईपर्यंत सही तुम्हालाच पालक म्हणून करावी लागेल. हक्क किती वर्षांसाठी देतोय ते त्यात लिहून घ्या. कराराने हक्क सोपवले आणि मुदत लिहिलीच नाही, तर 1957चा कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ अशी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा.

आणि ताई, एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. हे फोटो तिला विचारून काढले होते का? पत्रावरून तसं वाटलं नाही. काळजीपोटी केलंत हे मला कळतं. पण वही आई वाचते हे कळलं की मुलं त्या तेलाच्या डागाबद्दल लिहायचं थांबतात आणि ‘अनमोल ठेवा’ लिहू लागतात. तेव्हा आज तिला सरळ सांगा, की मी न विचारता वाचलं, एका माणसाला दाखवलं, माझं चुकलं. ती रागावेल. रागावू द्या.

मग राग निवळला की माझा एक निरोप द्या. चौथ्या पानाच्या शेवटी ती मैत्रीण एसटी स्टँडवर एकटी बसलेली आहे आणि कुर्डुवाडीची गाडी लागलीय. ती गाडीत चढली का, हे मला वाचायचं आहे. तिला वाटेल तेव्हा तिनेच पाठवावं.