उधाणाच्या कुरणावर किरणोत्सारी गाळ : पोटॅश ओतू नका

प्रश्न : अणुप्रकल्पाचे सांडपाणी समुद्रात सुटते आणि उधाणाला ते पाणी आमच्या चराऊ खाजणावर चढते. गाळात सिझियम हा किरणोत्सारी धातू सापडला आहे. दुकानदार सांगतो, पोटॅशचा डबल डोस टाका, मेंढ्यांना आयोडीन पाजा. काय करावे?

उत्तर : दोन्ही करू नका. पालाश (पोटॅशमधले पोटॅशियम) कमी असलेल्या जमिनीत पोटॅश दिले की गवत सिझियम कमी उचलते, हे खरे. पण तुमच्याकडे समुद्र चढतो. त्याच्या पाण्यातच लिटरमागे सुमारे 0.4 ग्रॅम पालाश असतो. वर आणखी गोण्या फोडल्या तर भले दुकानदाराचेच. गवतात पालाश जास्त झाला की जनावराला मॅग्नेशियम पुरत नाही; व्यालेली मेंढी थरथरते, आडवी पडते, पाय झाडते आणि डॉक्टर पोचेपर्यंत मरते. माती परीक्षणाशिवाय पोटॅशचा दाणाही नको. आयोडीनचे म्हणाल, तर ते किरणोत्सारी आयोडीनच्या ताज्या गळतीवर, तेही वेळेत दिले तरच. सिझियमवर शून्य उपयोग.

सिझियम मेंढीत शिरण्याची खरी वाट तोंडातून गाळ जाण्याची आहे, गवताच्या मुळांची कमी. चिकण गाळ सिझियम घट्ट धरून ठेवतो. उधाणानंतर पात्याच्या बुडाशी बोट फिरवा, राखाडी साय लागेल. मेंढी तीच खाते, आणि कुरण खरडून आखूड झाले की आणखी खाते. इंग्लंडात सेलाफील्ड अणुकेंद्राजवळच्या रेव्हनग्लास खाडीकाठी हेच दिसले. तिथले विसर्ग 1970च्या दशकात सर्वाधिक होते, गाळात अंश अजून आहेत. सिझियम 137 निम्मे व्हायलाच 30 वर्षे लागतात.

म्हणून पाणी ओसरले की लगेच कळप सोडू नका. एका चांगल्या पावसाने पाती धुऊन निघू द्या. गवत आखूड असेल तर चराई बंद.

आणि माझा आग्रह एकच : विक्रीआधी निदान चार आठवडे जनावरे वरच्या, भरती न पोचणाऱ्या रानात ठेवा, स्वच्छ चारा घाला. मेंढीच्या मांसातले सिझियम दोन-तीन आठवड्यांच्या आत निम्म्यावर येते. विक्रीच्या आदल्या आठवड्यात हलवून फारसे काही होत नाही. गाळात प्लुटोनियम हा दुसरा किरणोत्सारी धातू असेल तर तो मात्र यकृतात आणि हाडात बसतो, तो असा निघत नाही. यकृत तपासल्याशिवाय विकू नका. प्रशियन ब्लू या सिझियम बांधून ठेवणाऱ्या निळ्या औषधाची गोळी सिझियमपुरती चालते, पण पशुवैद्याच्या हातूनच. रंगाच्या दुकानातली निळी पूड पाजू नका.

भरपाई मागायची तर कानातला बिल्ला, चराईची नोंद आणि जिवंत जनावरातल्या किरणोत्साराची मोजणी हाताशी असू द्या. विकून झाल्यावर मोजायला काही उरत नाही.