अफगाणिस्तानच्या नकाशाला पूर्वेकडे ती अरुंद शेपटी कशासाठी आहे?

ब्रिटिश आणि रशियन साम्राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत म्हणून. ही वाखान पट्टी: लांबी साधारण ३५० किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी जेमतेम १५. तिथल्या पामीरच्या पठारावर दोघांचाही डोळा होता. १८९१ मध्ये वाखानमधल्या बोझाई गुंबझ या ठिकाणी रशियन कर्नल यानोवने ब्रिटिश अधिकारी यंगहजबंडसोबत आधी जेवणं केली आणि काही दिवसांतच 'हा मुलूख आमचा' म्हणत त्याला तिथून हुसकावलं! शेवटी १८९५ च्या करारात मधली पट्टी अफगाणिस्तानचा शासक अमीर अब्दुर रहमानच्या गळ्यात मारली गेली. त्याला खरं तर ती नको होती. मात्र सगळं तेव्हाच ठरलं असं नाही. वाखान अफगाणांचा, हे रशियाने १८७३ मध्येच मान्य केलं होतं.