401(के) म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या निवृत्ती खात्यातून एकरकमी पैसे काढले, अमेरिकेत कापलेल्या कराचं क्रेडिट (इथल्या करातून तेवढी वजावट) भारतात मिळेल का?

मिळेल, पण सगळंच मिळेल असं धरून चालू नका. फेब्रुवारी 2025 मध्ये पैसे काढलेत आणि तेव्हा तुम्ही भारताचे सामान्य निवासी (जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागणारे) होतात, म्हणजे हे उत्पन्न आर्थिक वर्ष 2024-25 चं. परदेशी कराचं क्रेडिट मागण्याचा फॉर्म 67 भरा, सोबत 1042-एस (अमेरिकेत किती कर कापला ते दाखवणारा फॉर्म) जोडा. कराचे रुपये करताना कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे 31 जानेवारीचा, स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) लावा, गुगलवरचा नाही.

खरी मेख इथे आहे: तिकडे 30 टक्के कापले आणि त्याच उत्पन्नावर इथला कर कमी बसला, तर क्रेडिट इथल्या कराइतकंच. वरचं गेलं. आणि हो, दरमहा पेन्शनसारखी रक्कम येत असेल तर भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम 20 प्रमाणे कर फक्त भारतात लागतो. तरीही कापला असेल तर 1040-एनआर (अमेरिकेचं अनिवासींसाठीचं कर विवरणपत्र) भरून परतावा तिथूनच मागा.