प्रॉस्पेक्टला मराठीत काय म्हणायचं, आणि 'फार्म विकला' म्हणजे नक्की काय विकलं

प्रश्न थोडक्यात असा होता. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचा मुलगा बेसबॉलवेडा आहे, सासरे वाळव्याहून काही महिन्यांसाठी आलेत, आणि परवा जेवताना नातवाने जाहीर केलं की आपल्या टीमने एका पिचरपायी (म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापायी) सगळा फार्म विकला. आजोबांचा घास हातातच राहिला. कुणी विकला, किती एकर होता, पाण्याखालचा होता का. ताईंनी मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तर 'कृषी प्रणाली' आणि 'संभावना' असं काहीतरी आलं. तर प्रॉस्पेक्ट, फार्म सिस्टीम आणि रिबिल्डिंग या तिघांना बोलण्यातलं मराठी काय, असं त्या विचारतायत.

ज्यांना बेसबॉलचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. अमेरिकेतल्या मेजर लीगमधे ३० टीम आहेत आणि प्रत्येकीच्या हाताखाली मायनर लीगच्या टीम असतात, २०२१ च्या फेररचनेनंतर पूर्ण सीझन खेळणाऱ्या प्रत्येकी चार, म्हणजे एकूण १२०. शाळा-कॉलेजातून ड्राफ्टमधे (म्हणजे टीमनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात) उचललेली किंवा डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलातून सोळा-सतरा वर्षांची असताना करारबद्ध केलेली पोरं तिथे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत वर येतात, म्हणजे यायची असतात, बहुतेक जण मधेच गळतात. ही झाली फार्म सिस्टीम आणि त्यातली ज्यांच्याकडून आशा आहे ती पोरं म्हणजे प्रॉस्पेक्ट. जुलै संपत आला की ज्या टीमला यंदा जिंकायची संधी दिसते ती अशी तीन-चार पोरं एखाद्या हरणाऱ्या टीमला देते आणि तिथला तयार खेळाडू घेऊन येते. नातू ज्याला फार्म विकणं म्हणतोय ते हे.

आता शब्दाकडे. फार्म म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर शेत येतं, आणि अमेरिकन माणसाच्याही येतंच, कारण या छोट्या टीम खेड्यापाड्यांच्या गावांत असायच्या म्हणून फार्म, अशी व्युत्पत्ती बरेच जण सांगतात. पण शब्दाची मुळं वेगळीकडे आहेत. मध्ययुगीन लॅटिनमधे फिर्मा म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत फार्म आला तेव्हा त्याचा अर्थ होता ठराविक रकमेवर दिलेली वस्तू, मग ती जमीन असो, नाहीतर एखाद्या मुलखाचा महसूल. अशा रकमेवर दिलेली जमीन ती फार्म, आणि मग हळूहळू कुठलीही कसायची जमीन फार्म झाली. म्हणजे शेत हा अर्थ नंतरचा. बेसबॉलमधे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेळाडूला 'फार्म आउट' करणं हे क्रियापद रुळलेलं होतं, आपला माणूस दुसऱ्या टीमकडे ठेवायला द्यायचा, हक्क आपलाच.

आणि याला आपल्याकडे अगदी तंतोतंत शब्द आहेत! खंडाने देणे आणि मक्त्याने देणे. जमीन माझी, कसणार तू, वर्षाला इतका खंड ठरला. सासऱ्यांना एवढंच सांगा की हा फार्म म्हणजे 'खंडाने लावलेली पोरं', त्यांना लगेच समजेल, कदाचित नातवापेक्षा जास्त. फरक एकच, इथे पोरांचा पगार वरची टीमच देते, खालच्या गावाला फक्त स्टेडियम आणि तिकिटं सांभाळायची असतात.

ही व्यवस्था ज्याने खरी उभी केली तो ब्रँच रिकी, सेंट लुईस कार्डिनल्सचा. गोष्ट १९२० च्या आसपासची. कार्डिनल्सकडे पैसा नव्हता, छोट्या टीमचे चांगले खेळाडू न्यूयॉर्कवाले जास्त बोली लावून घेऊन जायचे, तर रिकीने डोकं असं लढवलं की खेळाडू विकत घेण्याऐवजी छोट्या टीमच विकत घेऊ, म्हणजे पीक बाजारात जायच्या आधीच आपलं. १९२६, १९३१ आणि १९३४ ला कार्डिनल्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनचं अंतिम विजेतेपद, जिंकले. नंतर एवढी पोरं अडकवून ठेवली की १९३८ मधे बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिसने सत्तरहून जास्त खेळाडूंना एका फटक्यात मोकळं करून टाकलं. मक्तेदारी शब्दाला आज जो वास येतो तो इथे बरोब्बर येतो. हाच रिकी पुढे ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला आणि त्याने जॅकी रॉबिन्सनला, आधुनिक मेजर लीगमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, घेतलं, तोसुद्धा १९४६ चं अख्खं वर्ष डॉजर्सच्या माँट्रियलच्या फार्म टीमकडून खेळून मगच १९४७ ला वर आला.

प्रॉस्पेक्टकडे येतो, कारण खरा घोळ इथे आहे. पेपरवाले 'उदयोन्मुख' लिहितात. तो शब्द सत्कार समारंभाचा आहे, शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय तोंडातून निघत नाही, शिवाय उदयोन्मुख म्हटलं की उदय होणार हे गृहीतच आलं. प्रॉस्पेक्टचं नेमकं उलट असतं, उगवेल की नाही तेच माहीत नसतं. मार्क अपेल नावाचा पिचर २०१३ च्या ड्राफ्टमधे सगळ्यात पहिला निवडला गेला होता, संपूर्ण देशातून पहिला, आणि ज्या टीमने निवडला तिच्यासाठी मेजर लीगमधे तो एक चेंडूही टाकू शकला नाही, मधे खेळ सोडून दिला, परत आला आणि २०२२ मधे तिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाकडून कसाबसा पहिला सामना खेळला. आंब्याला मोहोर किती येतो आणि फळ किती धरतं ते कोकणातल्या माणसाला विचारा.

'होतकरू' अर्थाने फार जवळचा आहे, आणि मला स्वतःला तो आवडतोही. पण बिचाऱ्याचं लग्न 'गरीब'शी लागलंय. गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप. त्यामुळे 'यांकीजनी तीन होतकरू देऊन एक पिचर आणला' असं म्हटलं की वाटतं ट्रस्टचा काहीतरी कार्यक्रम असावा.

माझं मत विचाराल तर शब्द आहे 'उमेदवार'. हसू नका. निवडणुकीने हा शब्द पळवला त्याआधी त्याचा अर्थ सरळ होता, फारसीतली उमेद अधिक वार, म्हणजे आशेवर असलेला. कचेरीत पुढेमागे कारकुनाची जागा मिळेल या आशेवर बिनपगारी नाहीतर नाममात्र पगारावर राबणारा तो उमेदवार, आणि 'वकिलाकडे चार वर्षं उमेदवारी केली' असं आपण अजूनही म्हणतो की. मायनर लीग म्हणजे शब्दशः उमेदवारी. पगाराचं साम्यसुद्धा ओढूनताणून आणलेलं नाही, अगदी २०२२ पर्यंत डबल-ए मधल्या खेळाडूचा वर्षाचा किमान पगार १३,८०० डॉलर होता, मग त्यांची युनियन झाली आणि २०२३ च्या करारात तो ३०,२५० वर गेला. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना या आकड्यात काय भाडं भरता येतं ते मी सांगायला नको.

आक्षेप येणार की उमेदवार म्हटलं की लोकांना मतपेटीच दिसणार. दिसू दे! उलट मराठीत हा अख्खा वाद राजकारणाच्या पानावर आधीपासून चालूच आहे. 'आयात उमेदवार' आणि 'निष्ठावंत' हे शब्द कशासाठी आहेत? आजची सीट काढायची म्हणून शेजारच्या पक्षातून तयार माणूस आणायचा आणि वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्याला थांब म्हणायचं. बेसबॉलमधल्या जुलै महिन्याचं याहून चांगलं वर्णन मला तरी सुचत नाही. फक्त तिथे सतरंज्या उचलणाऱ्याला थांब नाही म्हणत, त्यालाच गाडीत बसवून समोरच्या पक्षात पाठवतात, मोबदला म्हणून. (ट्रेडला 'साटंलोटं' म्हणायचा मोह झाला होता, मुली देण्याघेण्याच्या जुन्या अर्थाने चपखल बसतं, पण आता त्याला चौकशी समितीचा वास येतो. 'सौदा' बरा. 'विकला' मात्र नको, कारण मुख्य देवाणघेवाण माणसांचीच असते, पैसा असला तर वरून.)

आता तिसरा, रिबिल्डिंग. 'पुनर्बांधणी' चूक नाही पण सिमेंटचा शब्द आहे, पूल पडला की पुनर्बांधणी. इथे बांधायचं काही नसतं, उगवायची वाट बघायची असते. आणि सासरे वाळव्याचे म्हणजे ऊसपट्ट्यातले, त्यांच्याकडे शब्दांची खाणच आहे. लागणीचा ऊस तुटला की त्याच खुंटांना परत फुटवे येतात तो खोडवा, तो तुटल्यावर परत ठेवला तर निडवा. बेण्याचा खर्च वाचतो, मशागत कमी, पण एकरी टनेज घसरत जातं. म्हातारे होत चाललेले स्टार घेऊन 'अजून एक वर्ष जमेल' म्हणणारी टीम म्हणजे खोडव्यानंतर निडवा ठेवलेलं रान. कधीतरी खुंट काढून टाकावे लागतात, रान पड ठेवावं लागतं किंवा बेवड म्हणून हरभरा करावा लागतो आणि त्या वर्षी कारखान्याकडून काही येत नाही, हे मान्य करून बसायचं. म्हणून रिबिल्डिंगला माझा शब्द 'रान पड टाकणं'. ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी अशी लागोपाठ पड टाकली, २०११ मधे १०६ सामने हरले, पुढच्या वर्षी १०७, त्याच्या पुढच्या वर्षी १११, आणि २०१७ ला वर्ल्ड सिरीज जिंकले. (समोरच्या टीमच्या खाणाखुणा, म्हणजे सिग्नल, चोरल्याचं प्रकरण नंतर बाहेर आलं ते वेगळं, ते पड टाकण्यात बसत नाही, ते रात्री दुसऱ्याचं पाणी फिरवण्यात बसतं.)

आणि फार्म विकणं? त्याला 'बेणं विकणं'. पुढच्या लागणीसाठी राखलेलं बेणंच कारखान्याला घातलं. उदाहरण डेट्रॉइटचं घ्या, १९८७ चा ऑगस्ट, टायगर्सना एक पिचर हवा होता, त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर आणला आणि बदल्यात आपल्याच मिशिगनमधला वीस वर्षांचा पोरगा दिला, डबल-ए मधे ४ जिंकलेला आणि १० हरलेला, कुणाला विशेष वाटावं असा नव्हताच. अलेक्झांडरने ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, टायगर्स टोरंटोला फक्त दोन सामन्यांनी मागे टाकून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकले. मग प्लेऑफमधे, म्हणजे गटविजेत्यांच्या पुढच्या फेरीत, मिनेसोटाकडून हरले, अलेक्झांडर त्यात दोन्ही वेळा हरला. आणि तो पोरगा होता जॉन स्मोल्ट्झ, २१३ विजय, १५४ सेव्ह (म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी राखणं), २०१५ मधे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत. याला लोक फसलेल्या सौद्याचा नमुना म्हणतात, मला नाही पटत. दोन सामन्यांनी जिंकले म्हणजे अलेक्झांडर नसता तर ते वर्षच गेलं असतं, आणि १० सामने हरलेल्या पोरात स्मोल्ट्झ बघायला ज्योतिषी लागतो. टायगर्सची खरी चूक म्हणजे त्यांनी त्याच खुंटांवर निडवा ठेवला, १९८९ मधे तब्बल १०३ सामने हरले.

उलट शिकागो कब्जनी २०१६ मधे ग्लेबर टोरेस नावाचा मोठा उमेदवार आणि आणखी तिघे यांकीजना देऊन अरोल्डिस चॅपमन आणला, १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि सीझन संपल्यावर चॅपमन परत यांकीजकडेच गेला. पोरगाही गेला, पिचरही गेला. तरी शिकागोत त्यावर कुणी गळा काढत नाही, १०८ वर्षांच्या उपाशी माणसाने बेणं खाल्लं तर त्याला शेतीशास्त्र कोण शिकवणार.

मक्त्याचा मुद्दा मात्र मला सोडवत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगण्यांचा वसूल वर्षावर्षाच्या मक्त्याने जास्त बोली लावणाऱ्याला दिला जायचा आणि मक्तेदार रयतेला पिळून घ्यायचा, कारण पुढच्या वर्षी आपण असू की नाही याची खात्री नाही, मग विहिरीची डागडुजी कशाला करा. बेसबॉलचा जनरल मॅनेजर बरेचदा असाच मक्तेदार असतो. डेव्ह डोंब्रोव्स्कीने बॉस्टन रेड सॉक्ससाठी क्रेग किंब्रेलला आणायला चार पोरं दिली, ख्रिस सेलला आणायला आणखी चार, त्यात योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक. २०१८ मधे टीम १०८ सामने जिंकली, वर्ल्ड सिरीजही जिंकली. सप्टेंबर २०१९ मधे त्याला काढून टाकलं, म्हणजे ट्रॉफी येऊन वर्षही झालं नव्हतं. खालचं रान तोवर ओसाड झालेलं होतं. तर फार्म म्हणजे मक्ता हा अर्थ नुसता शब्दकोशातला नाही, पोरं देऊन टाकणारा आणि पोरं वाढेपर्यंत थांबणारा यांच्यातला फरक बरेचदा एवढाच असतो की मक्ता किती वर्षांचा आहे.

तर ताई, घरात वापरायला: प्रॉस्पेक्ट म्हणजे उमेदवार, मायनर लीग म्हणजे उमेदवारी, फार्म सिस्टीमला सासऱ्यांपुढे 'खंडाने लावलेली पोरं' आणि इतरांपुढे सरळ फार्म सिस्टीमच म्हणा, रिबिल्डिंग म्हणजे रान पड टाकणं. 'बेणं' जरा जपून वापरा, कारण सांगलीकडे 'लई बेणं हाय' हे पोराला लाडाने पण म्हणतात आणि शिवी म्हणून पण. नातू आजोबांसमोर बोलून गेला की टीमने चार बेणी देऊन पिचर आणला, तर आजोबा काय म्हणतात ते मात्र नक्की कळवा.