सुभेदारांची वही

“मॅडम, विमानाची भीती जाते का हो?” अहमदाबादच्या अपघातानंतर हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून येतोय. मुलं दुबईत, नाहीतर बेंगळुरात. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानात बसायचं म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. त्यातलीच ही एक हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार. दुबईला मुलगी बाळंत होणार, काकूंची बॅग डिंकाच्या लाडवांसकट भरून तयार, आणि काका तिकीटच काढू देईनात. अहमदाबादच्या अपघाताचा, १२ जून २०२५ चा तो व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा पाहिला होता, की कुठल्या क्षणी काय दिसतं ते पाठ झालं होतं. “सियाचिनला राहिलेला माणूस मी. आता हात कापतात. कुणाला सांगायचं हे?” खाली बघत ते म्हणाले.

‘रस्त्यापेक्षा विमान सुरक्षित’ हे वाक्य मी अशा माणसाला ऐकवत नाही. ते त्याने पाच जणांकडून ऐकलेलं असतं आणि त्यातून ‘म्हणजे मीच भित्रा’ एवढंच त्याच्या मनात उरतं. मी विचारलं, नेमकी कशाची भीती वाटते? बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “फौजेत माणूस गेला तर का गेला ते कळतं की. वर ढगात काय झालं ते कोण सांगणार?”

मी त्यांना मंगळूरचं सांगितलं. २२ मे २०१०. दुबईहूनच आलेलं विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकावरून दरीत गेलं, १६६ पैकी ८ जण वाचले. त्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अधिकृत चौकशी झाली, अध्यक्ष होते हवाई दलाचे निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ म्हटल्यावर काका ताठ बसले. विमानातले आवाज आणि नोंदी साठवणारा ब्लॅक बॉक्स नावाचाच काळा, सहज सापडावा म्हणून त्याला भडक नारिंगी रंग देतात. त्यातल्या आवाजांवरून कळलं, की प्रवासातला बराच वेळ कॅप्टन झोपले होते, घोरणंसुद्धा ध्वनिमुद्रित झालं होतं. उतरताना विमान फार उंच होतं. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ५,२०० फूट आत टेकलं. त्याआधी सहवैमानिकाने तीनदा सांगितलं होतं, उतरू नका, परत वर घ्या.

काका गप्प झाले. मग म्हणाले, “सीनियरला ज्युनियरनं किती वेळा सांगायचं हो?”

ही गाठ जुनीच. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. तिथेही कॉकपिटमधल्या हाताखालच्या माणसाने शंका काढली होती आणि कॅप्टनने ती उडवून लावली होती. त्यानंतर हाताखालच्याने बोललंच पाहिजे आणि वरच्याने ऐकलंच पाहिजे, याचं रीतसर शिक्षण वैमानिकांना देऊ लागले. अपघाताचा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी करायचा, दोष कुणाच्या माथी मारण्यासाठी नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. “म्हणजे शिक्षा द्यायला नाही?” त्यांनी दोनदा विचारलं.

पण इथे माझी चूक झाली. पुढच्या भेटीला काका जाड फाईल घेऊन आले, जगभरच्या अपघातांचे छापील कागद. रात्री एकपर्यंत वाचत बसतात, काकू म्हणाल्या. भीतीला आता नवं खाद्य मिळालं होतं. दर रात्री खात्री करून घ्यायची आणि सकाळी ती पुन्हा विरून जायची. फाईल आणि व्हिडिओ दोन्ही बंद करायला सांगितले. बदल्यात शंभरपानी वही दिली. वेळ, काय चाललंय, भीती दहापैकी किती, एवढंच लिहायचं. स्वतःला रागवायचं नाही, कारणं शोधायची नाहीत.

वही घेऊन ते सांबऱ्याला कुंपणाबाहेर उभे राहून विमानं बघू लागले. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ. पळून न जाता थांबलं की भीती चढते आणि आपोआप उतरते, हे मी सांगून पटलं नसतं. त्यांच्याच अक्षरात दिसलं तेव्हा पटलं.

दुबईआधी बेंगळुरूला जाऊन या, असं सुचवलं. दोन आवाज आधीच सांगून ठेवले. उडाल्यावर विमानाच्या पोटाखाली दणका बसतो, ती चाकं आत जातात. मग इंजिनाचा आवाज उतरतो, कारण वैमानिक जोर मुद्दाम कमी करतो.

परत आल्यावर वही माझ्यासमोर ठेवली. अक्षर वाकडंतिकडं:

‘धावपट्टी. ९. हिचा हात धरला.
दणका. चाकं. ९.
आवाज उतरला. मॅडम बोलल्या तसंच. ७.
खाली शेतं दिसली. ५.
चहा घेतला. लिहायचं राहिलं.’