गिटार विकून हप्ता भरू नका

नागपूरच्या मनीषनगरमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४२, बुटीबोरीत नोकरी, पगार हातात ८० हजार, घराचं कर्ज २८ लाख, मुलगी ११ वर्षांची. ते लिहितात:

“मामांनी दिलेली १९९०च्या दशकातली फेंडरची जपानी स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आहे, स्कॅलप्ड फ्रेटबोर्डची, म्हणजे बोटांच्या पट्टीवर फ्रेटच्या (धातूच्या पडद्यांच्या) मधलं लाकूड खोलगट कोरलेली. परदेशी साइटवर अशा गिटारला अडीच लाख मागतात. इथे धरमपेठेतला एक जण ७० हजारांच्या वर जायला तयार नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेल्या पॉलिसीचा तिसरा हप्ता, १ लाख २० हजार, पुढच्या महिन्यात आहे. ५० हजार जमलेत. मागचा हप्ता क्रेडिट कार्डावर भरला होता, त्यातले ८५ हजार बाकी आहेत, दर महिन्याला मिनिमम भरतो. गिटारची खरी किंमत किती धरू? की दोन-तीन वर्षं थांबलो तर दुप्पट येईल? तशी ती मला नीट वाजवताही येत नाही, सूर चढतो.”

सोबत पॉलिसीचा कागद जोडला आहे. दहा वर्षं हप्ते, वीस वर्षांनी २६ लाख, विमा संरक्षण १२ लाख.

आधी विचारलेल्याचं उत्तर. अडीच लाख हा मागितलेला आकडा आहे, मिळालेला नव्हे. साइटवर विकल्या गेलेल्या गिटारींचे भाव वेगळे दिसतात, ते बघा. त्यातही परदेशातला खरेदीदार पाठवणीचा खर्च, कस्टम आणि वाटेत मोडण्याची जोखीम हे सगळं तुमच्या किमतीतून वजा करतो. स्कॅलप्ड फ्रेटबोर्ड हवा असणारे गिटारवादक मुळात थोडे, नागपुरात तर हातावर मोजण्याइतके. त्यामुळे ७० हजार सांगणारा माणूस तुम्हाला लुबाडतोय असं मला वाटत नाही.

खरा प्रश्न असा की फ्रेटच्या मधलं लाकूड कारखान्यातच कोरलं होतं, की नंतर कुणीतरी कानशीने घासलं? फेंडरने १९८८ मध्ये स्वीडिश रॉक गिटारवादक इंग्वे माल्मस्टीन यांच्या नावाचं मॉडेल काढलं, त्याचा फ्रेटबोर्ड कारखान्यातूनच स्कॅलप्ड येतो. तसं असेल तर किंमत टिकते. साध्या स्ट्रॅटवर नंतर हे काम करून घेतलं असेल तर जाणकार भाव पाडतात, कारण काढलेलं लाकूड परत भरता येत नाही. मेपलचा फ्रेटबोर्ड असेल तर उजेडात तिरका धरून खोलगट भागात बघा. लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत थर, एकसारखं आहे की लाकूड उघडं पडून मळकट झालंय? सगळे खळगे सारख्याच खोलीचे आहेत का? गिटारवर ‘मेड इन जपान’ असेल तर ती साधारण १९९७ पर्यंतची, ‘क्राफ्टेड इन जपान’ असेल तर त्यानंतरची. पण या गिटारची नेक, म्हणजे लांब दांडा, चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि सहज बदलता येते. म्हणून नेक उघडून तिच्या टाचेवरचा (बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा) शिक्का आणि बॉडीवरचे शिक्के जुळतात का, हे कारागिराकडून तपासून घ्या. फ्रेट झिजले असतील तर तेही भावातून जातं. असल्या बोर्डावर नवे फ्रेट बसवणं नाजूक काम आहे, प्रत्येक कारागीर ते हातात घेत नाही.

दोन-तीन वर्षांत दुप्पट? त्या आशेवर काहीही ठरवू नका. कारखान्यात तयार झालेली तीस वर्षांची गिटार म्हणजे मुदत ठेव नव्हे. तिला व्याज नाही, आणि हवा तेव्हा ग्राहकही नाही.

सूर चढतो, हा मात्र गिटारचा दोष नाही. या बोर्डावर बोट लाकडाला टेकतच नाही, तार फक्त फ्रेटवर टेकते. साध्या गिटारच्या सवयीने जोर लावलात की तार खळग्यात दाबली जाते, ताण वाढतो आणि सूर वर सरकतो. सतारीच्या उंच पडद्यांवर जशी मींड निघते, तशी इथे तार ओढायला विलक्षण मोकळी मिळते. भारतीय रागसंगीत आणि जॅझ एकत्र वाजवणाऱ्या ‘शक्ती’ या गटात जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी स्कॅलप्ड फ्रेटबोर्डची गिटार घेतली ती याच गुणासाठी. तार फ्रेटला जेमतेम टेकेल इतकंच दाबा. नऊऐवजी दहा गेजच्या, म्हणजे थोड्या जाड, तारा लावून पाहा, चुकून जास्त पडलेला जोर त्या थोडा सहन करतात. कॉर्ड धरताना हात सगळ्यात जास्त आवळला जातो, म्हणून आधी एकेका सुरावर रियाज करा. सेटअप, म्हणजे गिटारची जुळवणी, करून घेताना कारागिराला तुमच्या नेहमीच्या दाबाने वाजवून दाखवा आणि बाराव्या फ्रेटचा सूर त्या दाबावर जुळवायला सांगा. आणि मे महिन्यात ती कूलरच्या झोतात ठेवू नका. ४५ अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात, कूलरच्या ओल्या वाऱ्याने तारा गंजतात. ती केसमध्ये, आतल्या खोलीत राहू द्या.

आता तुम्ही न विचारलेलं.

ही पॉलिसी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतली, असं तुम्ही लिहिता. पहिला हप्ता भरला तेव्हा मुलगी ९ वर्षांची होती. पैसे विसाव्या वर्षाच्या शेवटी मिळणार, म्हणजे ती २९ वर्षांची असताना. १८व्या वर्षी ती कॉलेजात प्रवेश घेईल तेव्हा तुम्ही दहावा हप्ता भरत असाल! पत्राच्या तळटीपेवरून दिसतं की एफडीचं नूतनीकरण करायला बँकेत गेलात आणि “हे एफडीपेक्षा बरं, करमुक्त, खात्रीचं” असं ऐकून सही करून आलात. विकणाऱ्याला मुलीचं वय माहीत होतं. वीस वर्षांच्या मुदतीचा कागद त्यानेच भरला. त्याच दिवशी सुकन्या समृद्धी खातं उघडता आलं असतं, पण ते मुलगी १० वर्षांची होईपर्यंतच उघडतं. तो दरवाजा आता बंद आहे. याचा मला खरोखर राग येतो.

परतावा बघा. दहा वेळा १ लाख २० हजार म्हणजे १२ लाख, वीस वर्षांनी २६ लाख. वर्षाला जेमतेम ५ टक्के. आणि १२ लाखांचं संरक्षण? उद्या तुम्हाला काही झालं तर २८ लाखांचं कर्ज तरी फिटेल का? तुमच्या वयाला निरोगी माणसाला १ कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, वर्षाला वीस-पंचवीस हजारांत मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. तुमच्या घरात आज सगळ्यात मोठी उणीव ही आहे.

तिसरा हप्ता भरू नका. दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेत, त्यामुळे पॉलिसी वाया जात नाही, पेड-अप होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी रकमेची होऊन चालू राहते. रागाच्या भरात सरेंडरही करू नका, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागू नका. भरलेल्या २ लाख ४० हजारांपैकी साधारण तीस-पस्तीस टक्के, म्हणजे ७५-८० हजारच हातात येण्याची शक्यता आहे. पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर २६ लाखांचा पाचवा हिस्सा, पाच लाखांच्या आसपास, मिळायला हवा. अटींमुळे तो चार लाखच निघाला, तरी आजच्या ८० हजारांवर तो वर्षाला नऊ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून आधी कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी घ्या, मग ठरवा.

उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये भरले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने त्याच वर्षी सुमारे २६ लाख झाले असते. संपूर्ण पॉलिसी देते तेवढेच, आणि पेड-अपचे पैसे वरून. तुम्हाला मात्र पैसे सात वर्षांत हवेत, म्हणून सगळे तिथे अडकवू नका. पॉलिसीच्या हप्त्याचे महिन्याला १० हजार वाचतात, त्यातून टर्मचा हप्ता वजा जाता ८ हजार उरतात. निम्मे इंडेक्स फंडात, निम्मे रिकरिंगमध्ये. सरासरी ९ टक्के पडले तर, पहिले पाच महिने कार्ड फेडण्यात गेले तरी, सात वर्षांत साडेआठ लाखांच्या आसपास जातील. खात्री नाही, पण पैसा वेळेवर हाताशी असेल. शेवटची दोन वर्षं फंडातला भाग हळूहळू मुदत ठेवीत आणा.

पण त्याहीआधी कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ८५ हजारांवर ३ हजार नुसतं व्याज जातं. ५ टक्क्यांच्या पॉलिसीसाठी ४२ टक्क्यांचं कर्ज! जमवलेले ५० हजार आजच कार्डात भरा. उरलेले ३५ हजार याच ८ हजारांतून पाच महिन्यांत फेडा, तोवर फंडातली मासिक गुंतवणूक (एसआयपी) सुरू करू नका. टर्म इन्शुरन्सचा अर्ज मात्र याच आठवड्यात द्या. वैद्यकीय तपासणीत काही लपवू नका, दाव्याच्या वेळी तेच आडवं येतं.

म्हणजे गिटार विकायची गरजच उरली नाही. वाजवावीशी वाटत असेल तर ठेवा. नकोशी असेल तर कागदपत्रं आणि शिक्क्यांचे फोटो जुळवून पुण्या-मुंबईच्या वादकांना दाखवा आणि सवडीने विका. हप्त्याची तारीख डोक्यावर असताना विकलेल्या वस्तूला कधीच भाव येत नाही.

बँकेतल्या अधिकाऱ्याने कागदावर ‘खात्रीचे ७ टक्के’ लिहून दिलं होतं, असं तुम्ही तळटीपेत म्हटलंय. तो कागद जपा, त्याचा फोटो काढा. दिशाभूल करून विक्री झाल्याची लेखी तक्रार आधी विमा कंपनीकडे करा आणि पोच घ्या. समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवा, आणि ३० दिवसांतही तोडगा निघाला नाही तर विमा लोकपालाकडे जा. शाखेत जाऊन तोंडी भांडू नका. तिथे तुम्हाला दुसरी पॉलिसी दाखवतील.