अनुक्रमणिका, सूची आणि कोश

प्रश्न : सांगलीत मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला आलेल्या मुलांसाठी सेजमॅथ या गणिती सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका मराठीत नव्याने लावतो आहोत. सुरुवातीच्या प्रकरणांच्या यादीला 'विषयसूची' म्हणावं की 'अनुक्रमणिका'? सध्या ती अकारविल्हे आहे. इंडेक्स आणि रेफरन्स मॅन्युअलला काय म्हणावं?

उत्तर : 'अनुक्रमणिका'च म्हणा. 'विषयसूची' ही हिंदीची सवय. तिकडे अनुक्रमणिका बऱ्याचदा पुस्तकाच्या शेवटी सापडते. मराठी वाचक अनुक्रमणिका पुढे शोधतो, सूची मागे.

पण ती अकारविल्हे का? 'विल्हे' म्हणजे लावणी, व्यवस्था. 'विल्हेवाट'मध्ये तेच आहे. अकारविल्हे लावायची ती सूची. अनुक्रम लेखकाने ठरवायचा असतो. तुमच्या यादीत 'अवकलन' सगळ्यात वर आणि 'समीकरणे' तळाशी येणार. ज्याला साधं समीकरण सोडवून घ्यायचंय त्याने आधी अवकलन ओलांडायचं?

इंडेक्सला 'सूची' पुरे. मात्र मग सेजमॅथमध्ये वापरतात त्या पायथन भाषेतल्या लिस्टला 'यादी' म्हणा, नाहीतर दोन सूच्या होतील. सूची संगणकाकडून लावून घेणार असाल तर जपा. युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, आणि 'क्ष' म्हणजे क आणि ष यांचं जोडाक्षर, म्हणून 'क्षेत्रफळ' थेट 'क'मध्ये जाऊन बसतं. शाळेत वर्णमाला 'ह, ळ, क्ष, ज्ञ' अशी घोकलेली मुलं ते शेवटी शोधणार. मराठीचा वर्णक्रम निवडता येत असेल तर निवडा. नसेल तर त्या नोंदी हाताने हलवा. शिवाय दुहेरी नोंदी हव्यातच. दहावीला 'निश्चयक' शिकलेला मुलगा कॉलेजात 'डिटरमिनंट' ऐकतो. 'डिटरमिनंट : पहा निश्चयक' एवढी एक ओळ त्याला पुरते.

रेफरन्स मॅन्युअलला 'संदर्भसूची' अजिबात नको. ती आधारग्रंथांची असते. 'फंक्शनकोश' म्हणा. धेडगुजरी आहे खरा, पण कोश सलग वाचायचा नसतो हे सांगावं लागत नाही. इथे मात्र अकारविल्हे शोभेल. कोश म्हटलं की आपल्याकडे वाई आठवतेच : मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, पण परिभाषासंग्रह त्याआधीच, १९७३ला निघाला, आणि क्रमांक मात्र १८! तुम्हीही आधी परिभाषा पक्की करा, पानं मग लिहा.

प्रत्येक फंक्शनखाली इनपुट, आउटपुट, उदाहरणं हा सेजमॅथचा साचा तसाच ठेवा. भूमितीतले 'पक्ष' आणि 'साध्य' उसने घेण्याचा मोह होईल, पण साध्य सिद्ध करायचं असतं. आउटपुट नुसतं मिळतं. 'काय द्यायचं' आणि 'काय मिळतं' असे मथळे दिले तरी चालतील.